पातेऱ्यातल्या मुंग्या: सिंधुदुर्गातल्या तीन देवरायांच्या कामाच्या नोंदी

12 सप्टेंबर: जागा आणि एक अट

तीन देवराया नक्की झाल्या. नोंदीत त्यांना अ, ब आणि क म्हणायचं. गावांची नावं बाहेर द्यायची नाहीत, असं मानकऱ्यांशी बोलून ठरलं आहे. अ सर्वांत मोठी, सुमारे 4 हेक्टर, भोवती जांभ्याचा गडगा. क साधारण 1 हेक्टर, तीन बाजूंना काजू. ब अर्ध्या हेक्टरच्या आतबाहेर, मधोमध नव्याने बांधलेलं देऊळ. तुलनेला अ आणि क यांना लागून असलेल्या काजूच्या दोन बागा. जमीन सगळीकडे जांभ्याचीच आणि उंचीही जवळपास सारखी, म्हणजे फरक दिसला तर तो माती किंवा उंचीवर ढकलता येणार नाही.

ग्रामपंचायत, जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि देवस्थानाचे मानकरी, तिघांचीही संमती मिळाली. अ मध्ये गुरवांनी कौल घेतला. अट एकच: राईतला पातेरा, म्हणजे जमिनीवरचा पाचोळा, राईबाहेर जाता नये.

ही अट कामाची पद्धत बदलते. पाचोळ्यातल्या मुंग्यांसाठी जगभर वापरात असलेल्या पद्धतीत 1 चौरस मीटरचा पातेरा चाळतात, पिशवीत भरून प्रयोगशाळेत आणतात आणि तिथे 48 तास टांगतात. इथे टांगणी गडग्याच्या आतच करावी लागेल, आणि काम झालं की प्रत्येक चौकटीचा पातेरा त्याच चौकटीत परत टाकावा लागेल. काम वाढेल, हवेतल्या ओलाव्याचा त्रास होईल. तरी अट जशीच्या तशी मान्य केली आहे. गाडगीळ आणि वर्तक यांनी 1976 साली पश्चिम घाटातल्या देवरायांवर लिहिलं, तेव्हा मेलेलं लाकूडही न उचलण्याच्या प्रथेची नोंद केली होती. आम्ही ज्या मुंग्या मोजायला निघालो आहोत, त्यांचं घर या प्रथेनेच राखलं आहे. गडग्याबाहेर दरवर्षी पातेरा गोळा होतो: तरव्याची (भाताच्या रोपांची) जागा भाजायला, आणि काजूच्या बागेत पडलेली बी दिसावी म्हणून.

प्रश्न असा मांडला आहे: पातेऱ्यातल्या मुंग्यांच्या जातींची संख्या राईच्या क्षेत्रफळाने ठरते, की पातेरा किती वर्षं न हलवता पडून आहे त्याने? तुकड्यातुकड्यांच्या जंगलांवरची चर्चा बहुतेक वेळा क्षेत्रफळाभोवती फिरते. पातेऱ्याची खोली मोजणं स्वस्त असूनही राहून जातं. इथे ती प्रत्येक चौकटीत मोजायची.

19 सप्टेंबर: चाळ आणि टांगणीच्या पिशव्या

सगळं स्थानिक शिंप्याकडून शिवून घेतलं.

चाळ: 35 सेंमी व्यासाच्या दोन लोखंडी कड्या, प्रत्येकीला मूठ. वरच्या कडीला कापडाचं तोंड, खालच्या कडीला 1 सेंमी भोकांची जाळी, जाळीखाली 70 सेंमी लांब मांजरपाटाची नळी. नळीचं खालचं टोक नाडीने बांधायचं. दोन्ही मुठी धरून जोरात हलवलं की बारीक माती, पानांचे तुकडे आणि मुंग्या नळीत जातात, मोठी पानं आणि काटक्या वर राहतात.

विंकलर पिशवी: बाहेरून मांजरपाटाचं कवच, वर बांधायची नाडी, आत चौकोनी तारेचे दोन सांगाडे, खाली निमुळतं होत जाणारं तोंड, तोंडाला अल्कोहोलचा पेला. कवचाच्या आत 4 मिमी भोकांची सपाट जाळीदार थैली टांगतात आणि तीत चाळलेला पातेरा भरतात. पातेरा हळूहळू वाळतो, त्याची रचना मोडलेली असते, मुंग्या बाहेर पडायला वाट शोधतात आणि खाली पेल्यात पडतात. दिवा नाही, उष्णता नाही, वीज लागत नाही. एका दिवसात 20 चौकटी घ्यायच्या म्हणून 20 पिशव्या.

पहिल्या पाच पिशव्यांत चूक झाली होती. शिंप्याने आतली शिवण उघडी ठेवली होती. शिवणीच्या दुमडीत 1 ते 2 मिमीच्या मुंग्या अडकून मरतात आणि पेल्यात येत नाहीत. दुमड बाहेरच्या बाजूला घेऊन पुन्हा शिवलं. कापड नवं असेल तर आधी दोनदा धुवायचं. खळ राहिली तर ओलाव्यात बुरशी धरते.

चौकट: अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपाचे 1 मीटरचे चार तुकडे आणि चार एल्बो. चिकटवायचे नाहीत. झाडाच्या बुंध्याभोवती चौकट लावायची तर एक बाजू सुटी करावी लागते.

27 सप्टेंबर: अल्कोहोल, चिठ्ठ्या

95 टक्के इथेनॉल परवान्यावर आणलं. 1 लिटर 70 टक्के करायला सुमारे 737 मिली इथेनॉल आणि 263 मिली ऊर्ध्वपातित पाणी. विंकलरच्या पेल्यात 70 टक्के चालतं. ज्या नमुन्यांचा डीएनए पुढे कधी लागेल, ते निवडून 95 टक्क्यांत ठेवायचे.

चिठ्ठी नेहमी कुपीच्या आत, जाड कागदावर, शिसपेन्सिलीने. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते, झाकणावरचा मार्करही एका गळतीत पुसला जातो. चिठ्ठीवर राईचं अक्षर, चौकट क्रमांक, पद्धत, तारीख, अक्षांश-रेखांश. जीपीएसचे आकडे झाडीखाली 10 मीटरपर्यंत इकडेतिकडे होतात, म्हणून काठापासूनचं अंतर टेपनेच मोजायचं.

6 ऑक्टोबर: चाचणी, आणि थांबणं

अ मध्ये दोन चौकटी करून पाहिल्या. परतीचा पाऊस आदल्या संध्याकाळी पडून गेला होता. ओला पातेरा चाळच्या जाळीला चिखलासारखा चिकटला, नळीत जवळजवळ काहीच उतरलं नाही. जे उतरलं ते 48 तासांनंतरही ओलंच होतं. पातेरा वाळत नसेल तर मुंग्यांना हलायचं कारणच उरत नाही.

ठरवलं: मोठ्या पावसानंतर किमान दोन कोरडे दिवस गेल्याशिवाय नमुना घ्यायचा नाही. उलटी चूकही होते. मार्च-एप्रिलमध्ये पानगळीने पातेरा सर्वांत जाड असतो, पण इतका कोरडा की मुंग्या मातीत खोल गेलेल्या असतात. पिशव्या भरलेल्या आणि पेले रिकामे. पाऊस ओसरल्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंतची खिडकी सर्वांत चांगली.

12 ऑक्टोबर: जमिनीतले पेले पुरले

पातेरा चाळून मिळतात त्या मंद, लहान मुंग्या. पायांनी जलद, मोठ्या मुंग्या चौकटीतून निसटतात. त्यांच्यासाठी जमिनीत पुरलेले पेले: 7 सेंमी तोंडाचे, काठ जमिनीशी अगदी समपातळीत. काठ 2 मिमी जरी वर राहिला तरी लहान मुंगी वळून जाते.

जांभ्यात गिरमिटाचा उपयोग नाही. पहारीने भोक पाडून एकात एक असे दोन पेले बसवले. बाहेरचा कायमचा, आतला काढायचा. त्यामुळे रिकामा करताना बाजूची माती ढासळत नाही. आज फक्त पुरले, झाकणं लावली. ताज्या उकरलेल्या मातीकडे मुंग्या ओढल्या जातात आणि पहिल्या दिवसांचे आकडे फुगतात. म्हणून निदान आठवडाभर झाकण ठेवून मगच उघडायचे.

आत 60 मिली द्रव: निम्मं पाणी, निम्मं प्रोपिलीन ग्लायकॉल, वासरहित साबणाचे दोन थेंब. इथिलीन ग्लायकॉल स्वस्त मिळतं, पण ते गोड आणि विषारी आहे. राईत कुत्री आणि रानडुकरं येतात, ते वापरायचं नाही. वर 1 सेंमी भोकांची तारजाळी, बेडूक आणि कुर्ल्या पडू नयेत म्हणून. त्यावर चार बांबूकाड्यांवर पत्रावळ, पावसासाठी.

25 ऑक्टोबर: देवराई अ, 20 चौकटी

प्रमाण पद्धतीत 200 मीटरची सरळ रेषा आणि दर 10 मीटरला एक चौकट. अ मध्ये ती कशीबशी बसते. ब मध्ये बसणारच नाही: अर्धा हेक्टर म्हणजे बाजू जेमतेम 70 मीटर. चौकटींतलं अंतर 5 मीटर करून रेषा आखडली तर एकाच वसाहतीच्या मुंग्या दोन चौकटींत येण्याची शक्यता वाढते. म्हणून तिन्ही राईंत एकच नियम: समांतर छोट्या रेषा, कोणत्याही दोन चौकटींत किमान 10 मीटर, आणि प्रत्येक चौकटीचं काठापासूनचं अंतर नोंदवायचं. अ मध्ये लांब रेषा शक्य असूनही घेतली नाही, कारण मग तुलना बिघडली असती.

एका चौकटीचा क्रम:

चौकट टाकण्याआधी त्या जागेत पाय ठेवायचा नाही. खोली पाच ठिकाणी स्टीलच्या पट्टीने: चार कोपरे आणि मध्य. मग दोघांनी समोरासमोर बसून कडेकडून मध्याकडे पातेरा ओढायचा. कडा आधी मोकळी केली की पळणाऱ्या मुंग्यांना लपायला जागा राहत नाही. कुजकी काटकी चाळीत टाकण्याआधी कोयत्याच्या पाठीने फोडायची. स्ट्रुमिजेनिस आणि कॅरेबारा या बारीक मुंग्यांच्या वसाहती बोटाएवढ्या जाड काटकीत मावतात, आणि काटकी तशीच फेकली तर ती जात त्या चौकटीत नाहीच असं नोंदलं जातं. पातेऱ्याखालची मोकळी माती वरवर खरवडून घ्यायची, 1 सेंमीपेक्षा जास्त नाही. ओढणं पाच मिनिटांत संपवायचं. मग चाळ एकसारख्या वेळा हलवायची. आम्ही 60 झटके ठरवले. हात बदलला की जोर बदलतो, म्हणून सगळ्या चौकटींत चाळणारे हात तेच.

अंजनीखाली पातेरा दाट आणि बारीक आहे, पानं जाड, सावकाश कुजणारी. किंजळीखाली मोठी पानं, पोकळ थर, 5 सेंमी खोली दिसली तरी चाळून मूठभरच मिळतं. म्हणजे नुसती खोली पुरेशी नाही. चाळलेल्या भागाचं आकारमान मोजपात्राने लिटरमध्येही नोंदवायला सुरुवात केली, पहिल्या चौकटीपासून.

थैलीत एका वेळी 2 लिटरपेक्षा जास्त भरायचं नाही; जास्त असेल तर दुसरी थैली. थर जाड झाला की मधला भाग वाळत नाही.

26 ऑक्टोबर: दोरीवरच्या पाहुण्या

टांगणी गडग्याच्या आत, दोन सातविणींमध्ये बांबू बांधून, वर ताडपत्री. 24 तासांनी प्रत्येक थैलीतला पातेरा ताटात काढून वरखाली करून पुन्हा भरला. थैली काढताना पेला बाजूला घ्यायचा, नाहीतर धक्क्याने माती सरळ अल्कोहोलमध्ये पडते आणि निवडायचं काम तिप्पट होतं.

चार पेल्यांत क्रेमॅटोगॅस्टर भरपूर आल्या. ही बहुतांशी झाडावरची मुंगी. इतक्या संख्येने पातेऱ्यातून यायचं कारण नाही. पाहिलं तर त्या बांबूवरून दोरीला, दोरीवरून पिशवीच्या नाडीला आणि तिथून आत. राईच्या आत टांगल्यामुळे उद्भवलेली ही अडचण, प्रयोगशाळेत ती आलीच नसती. प्रत्येक दोरीला मध्यावर एरंडेलात भिजवलेली चिंधी बांधली, बांबूच्या दोन्ही टोकांना व्हॅसलीनचा चार बोटं रुंद पट्टा लावला. या चार नमुन्यांतल्या क्रेमॅटोगॅस्टर विश्लेषणातून काढून टाकायच्या. कुपीतल्या चिठ्ठीवर कारण लिहिलं.

28 ऑक्टोबर: 48 की 72 तास

झाडीतल्या दमटपणात 48 तास पुरतात का, ते तपासलं. सहा पिशव्यांचे पेले 48 तासांनी बदलले आणि आणखी 24 तास टांगून ठेवल्या. दुसऱ्या पेल्यांत संख्या थोडी, पण त्यात हायपोपोनेरा आणि स्ट्रुमिजेनिस, दोन्ही सावकाश हलणाऱ्या. दोन पिशव्यांत तर अशी स्ट्रुमिजेनिस होती जी पहिल्या पेल्यात आलीच नव्हती. निर्णय: सगळ्या राईंत आणि बागांत 72 तास, पेले 48 तासांनी बदलून, दोन कुप्या वेगळ्या. म्हणजे इतरांच्या 48 तासांच्या कामाशी तुलना करायची झाली तर पहिली कुपी तयार आहे.

टांगणी उतरवल्यावर वाळलेला पातेरा तोलला आणि प्रत्येक चौकटीत परत पसरला. चाळच्या वर राहिलेली पानं आधीच तिथे ठेवली होती. चौकटींच्या कोपऱ्यांवर जांभ्याचे खडे मांडले आहेत. पुढच्या फेरीत त्याच जागा टाळायच्या.

3 नोव्हेंबर: मातीतल्या मुंग्या

पातेरा आणि जमिनीतले पेले, दोन्हींच्या खालून एक जग सुटतं. त्यासाठी दोन पद्धती.

मातीचा ठोकळा: 20 × 20 सेंमी, 15 सेंमी खोल, दर दुसऱ्या चौकटीशेजारी. पांढऱ्या ट्रेत मूठमूठ माती घेऊन हाताने निवडायची. एका ठोकळ्याला दोघांची 40 मिनिटं जातात. याचं फळ म्हणजे ॲक्रोपायगा: पिवळसर, डोळे अगदी बारीक, मुळांवरच्या पिठ्या ढेकणांसोबत राहणारी. ढेकणांचा मधुरस हेच तिचं अन्न. नवी राणी उड्डाणाला निघते तेव्हा जबड्यात एक पिठ्या ढेकूण धरून नेते. मुळं हलक्या हाताने उलगडली नाहीत तर मुंगी मिळते पण ढेकूण मातीत हरवतो, आणि या दोघांची नोंद एकत्रच हवी.

पुरलेलं आमिष: 50 मिलीची नळी, तिला 3 मिमीची भोकं, 12 सेंमी खोल, 24 तास. सहसा मासा वापरतात. अ च्या देवाला मांसाहार चालत नाही, म्हणून तिन्ही ठिकाणी शेंगदाण्याचा कूट आणि पामतेल. पामतेल डोरिलससाठी, आग्नेय आशियात या जमिनीखालच्या लष्करी मुंग्यांना पकडायला त्याचाच उपयोग झाला आहे. क मध्ये एका नळीत त्या ठासून भरलेल्या मिळाल्या. पातेऱ्याच्या एकाही नमुन्यात त्या नव्हत्या. फक्त पातेरा चाळून ‘इथे डोरिलस नाही’ असं लिहिणं किती चुकीचं ठरलं असतं, ते या एका नळीने दाखवलं.

हाताने शोध, प्रत्येक राईत दोघांनी एक तास: हार्पेग्नॅथॉस सॅल्टेटर ही लांब जबड्यांची, मोठ्या डोळ्यांची, उड्या मारणारी मुंगी इथेच मिळते. ती दिवसा डोळ्यांनी पाहून शिकार करते आणि चौकट टाकेपर्यंत निघून गेलेली असते. डायकॅमाच्या एका बिळाच्या तोंडाशी पक्ष्यांची पिसं रचलेली होती. या गणातल्या (जवळच्या जातींच्या गटातल्या) काही मुंग्या अशा पिसांवर जमलेलं दव गोळा करतात. बीळ उकरलं नाही. दोन कामकरी मुंग्या घेतल्या, जागा नोंदवली.

9 नोव्हेंबर: देवराई ब

देवळाभोवती सिमेंटच्या ठोकळ्यांचं अंगण, त्यापलीकडे रोज झाडलेली 5 ते 6 मीटरची मातीची पट्टी, मग राई. किमान 10 मीटरचा नियम पाळून आतमध्ये 20 चौकटी बसल्या, पण त्यातल्या बऱ्याच काठाजवळच्या. अंगणापासून 0, 5, 15 आणि 25 मीटरवर चार दिशांना वेगळ्या 16 चौकटी घेतल्या; त्या तुलनेच्या 20 मध्ये मिसळायच्या नाहीत.

झाडलेल्या पट्टीत चाळायला पातेराच नाही. तिथे माती खरवडून घेतली आणि नोंदीत ‘खोली 0’ लिहिलं. डोळ्यांना दिसल्या त्या सोलेनॉप्सिस जेमिनाटा, मूळच्या उष्णकटिबंधीय अमेरिकेतल्या, अंगणाच्या ठोकळ्यांच्या फटींत वारुळं करून. शिवाय टॅपिनोमा मेलॅनोसेफॅलम आणि पॅराट्रेकिना लॉन्गिकॉर्निस. या तिघी माणसाच्या सोबतीने जगभर पसरलेल्या. 15 मीटरवर, न झाडलेल्या अंजनीखाली, चाळीतून स्ट्रुमिजेनिस निघाली. तिचं खाणं म्हणजे पातेऱ्यातले बारीक उडी-कीटक. ओला थर गेला की ते जातात, मग ती जाते. राई एवढीशी असूनही इथे ती टिकली आहे, ही गोष्ट महत्त्वाची.

14 नोव्हेंबर: काजूच्या बागा

लवकर झालं. पातेरा 1 सेंमीच्या आत, चाळलेलं आकारमान बहुतेक चौकटींत अर्ध्या लिटरहून कमी. मेरानोप्लस बायकलर, उन्हाची मुंगी, इथे भरपूर. जमिनीतल्या पेल्यांत ओंबील पडली; ती झाडावरची, काजूवरच्या ढेकण्या किडीला हुसकावणारी म्हणून ठेवण्याजोगी, पण जमिनीच्या यादीत तिला ‘झाडावरून’ अशी खूण करायची. दोन पेले रानडुकरांनी उकरले. बदली पेला पुरला नाही, कारण त्याला मुरायला आठवडा लागला असता. 18 पेल्यांवर भागवलं.

22 नोव्हेंबर ते 2 डिसेंबर: निवड

विंकलरच्या कुपीत मुंग्यांपेक्षा माती जास्त असते. चहाची गाळणी वापरायची नाही: कॅरेबाराच्या लहान कामकरी मुंग्या जेमतेम 1 मिमीच्या, त्या सरळ निघून जातात. स्क्रीन प्रिंटिंगचं कापड वापरलं. गाळलेला ऐवज मिठाच्या संपृक्त पाण्यात सोडला की माती तळाशी जाते, मुंग्या आणि पानांचा चुरा वर. तळाची मातीही एकदा भिंगाखाली पाहायची. मिठाचं पाणी लगेच धुवून पुन्हा अल्कोहोल. मीठ राहिलं तर वाळल्यावर अंगावर स्फटिक बसतात आणि कोरीव नक्षी दिसत नाही.

पंखवाले नर आणि राण्या वेगळ्या कुपीत. त्या कुठूनही उडत आलेल्या असू शकतात, त्यांच्यावरून ‘ही जात या चौकटीत राहते’ असं म्हणता येत नाही.

जमिनीतल्या पेल्यांतला द्रव पाणचट झालेला असतो. त्यातल्या मुंग्या 80 टक्के अल्कोहोलमध्ये टाकल्यावर दुसऱ्या दिवशी अल्कोहोल बदललंच पाहिजे. अ च्या तीन कुप्यांत ते राहून गेलं. मुंग्या मऊ पडल्या, पाय सुटले. ओळख गणापर्यंतच होईल.

11 डिसेंबर: ओळख

भारतातल्या मुंग्यांची 2016 ची यादी 828 जाती-उपजाती आणि 100 गण सांगते. पातेऱ्यातला मोठा वाटा थोड्याच गणांचा असतो, आणि घोळही त्यांच्यातच होतात. इथे कामी आलेले फरक:

सोलेनॉप्सिस आणि कॅरेबारा. दोन्हींच्या मिशांच्या टोकाला दोन खंडांची गदा. सोलेनॉप्सिसच्या पाठीच्या मागच्या भागावर दात नसतात आणि तोंडावरच्या पट्टीच्या मध्यावर एकच सरळ केस असतो. कॅरेबारात तो मधला केस नसतो.

हायपोपोनेरा आणि पोनेरा. कमरेची गाठ खालून पाहायची. पोनेरात तिथे पुढे एक अर्धपारदर्शक ठिपका आणि मागे दातांची जोडी. हायपोपोनेरात दोन्ही नाहीत. यासाठी मुंगी उताणी ठेवावी लागते. बाजूने पाहून केलेली ओळख आम्ही नंतर तपासली तेव्हा काही ठिकाणी बदलावी लागली.

ओडोन्टोमॅकस आणि ॲनोकेटस. दोन्हींचे जबडे सरळ, सापळ्यासारखे मिटणारे. डोक्याच्या मागच्या बाजूला ओडोन्टोमॅकसमध्ये गडद रेषा इंग्रजी व्हीसारख्या एकत्र येतात, ॲनोकेटसमध्ये कड सलग वळते.

फायडोलीत मोठ्या डोक्याची शिपाई मुंगी मिळाल्याशिवाय जात ठरवायची नाही. नुसत्या लहान कामकऱ्यांवरून दोन जाती एक होतात किंवा एकीच्या दोन होतात. चाळलेल्या नमुन्यात शिपाई कमी येतात. ज्या चौकटींत ते नाहीत तिथे जमिनीतल्या पेल्यांतले शिपाई जुळवून पाहिले. जुळले नाहीत ते ‘फायडोली, लहान, अनिश्चित’.

ज्यांना नाव मिळालं नाही त्यांना क्रमांक: टेट्रामोरियम 1, टेट्रामोरियम 2. क्रमांक तिन्ही राईंना एकच. प्रत्येक क्रमांकाच्या तीन मुंग्या कागदी त्रिकोणाच्या टोकावर चिकटवून टाचणीवर: त्रिकोणाचं टोक मधल्या आणि मागच्या पायांच्या मुळांमध्ये, पाण्यात विरघळणाऱ्या गोंदाचा अगदी बारीक थेंब. गोंद जास्त झाला की कमरेखालचा भाग झाकला जातो, आणि ओळख तिथेच असते. बाकीच्या अल्कोहोलमध्येच. कोकणातल्या पावसाळ्यात टाचणीवरच्या संग्रहाला बुरशी धरते. पेटीत सिलिका जेल, दर पंधरा दिवसांनी तापवून कोरडं केलेलं.

कार्डिओकॉन्डायला रॉटोनाय बागेतल्या नमुन्यात आली. मुंबई इलाख्याच्या वनखात्यातल्या रॉटन यांनी पुण्यात जमवलेल्या नमुन्यावरून फोरेल यांनी 1890 मध्ये तिला हे नाव दिलं. जुन्या नोंदींशी पडताळताना गणांची नावं बदलल्याचं भान ठेवावं लागतं: जुन्या पुस्तकांतल्या फायडोलोजेटॉन आणि ऑलिगोमिर्मेक्स आता कॅरेबारात मोडतात.

8 जानेवारी: मोजणी कशी करायची

मुंग्यांची डोकी मोजून विविधता काढायची नाही. चौकट वसाहतीवर पडली तर शेकडो मुंग्या येतात, वीतभर बाजूला पडली तर एकही नाही. म्हणून तक्त्यात प्रत्येक चौकटीत जात आहे किंवा नाही, एवढंच: 1 किंवा 0.

न सापडलेल्या जातींचा अंदाज चाओ-2 या सूत्राने. फक्त एकाच चौकटीत आलेल्या जातींच्या संख्येचा वर्ग घ्यायचा, त्याला नेमक्या दोन चौकटींत आलेल्या जातींच्या दुपटीने भागायचं, आणि उत्तर सापडलेल्या जातींत मिळवायचं. समजा (आकडे फक्त उदाहरणाचे) सापडलेल्या 41, एकदा आलेल्या 14, दोनदा आलेल्या 7: 196 भागिले 14 म्हणजे 14, एकूण अंदाज 55. इथे कळतं की ओळखीतली एक चूक किती महाग पडते. हायपोपोनेराच्या एका जातीचे चुकून तीन तुकडे केले तर ‘एकदाच आलेल्या’ वाढतात आणि राई आहे त्याहून श्रीमंत दिसते. म्हणून विश्लेषणाआधी एकदाच आलेली प्रत्येक मुंगी पुन्हा भिंगाखाली, दुसऱ्या डोळ्यांनी.

तुलना सारख्या चौकटींवर आणि सारख्या व्याप्तीवर (नमुना किती पूर्ण आहे त्यावर), दोन्ही प्रकारे. आर या संगणकीय भाषेतलं आयनेक्स्ट हे पॅकेज त्यासाठी पुरेसं आहे. सांख्यिकी प्रारूपात क्षेत्रफळ, काठापासूनचं अंतर, पातेऱ्याची खोली आणि चाळलेलं आकारमान. राया फक्त तीन आहेत, त्यामुळे क्षेत्रफळाबद्दल या कामातून ठाम काही म्हणता येणार नाही. पातेऱ्याबद्दल म्हणता येईल, कारण तो चौकटीचौकटीत मोजला आहे.

2 फेब्रुवारी: ब च्या गावात

टाचणीवरचे नमुने आणि भिंग घेऊन बैठक. स्ट्रुमिजेनिस सगळ्यांनी पाहिली. जीर्णोद्धाराचा दुसरा टप्पा ठरतो आहे: अंगण पूर्वेला वाढवायचं, पायवाटेला ठोकळे. मागणी मांडली ती एवढीच. पूर्वेकडच्या अंजनींखालचा भाग सोडून अंगण दक्षिणेला, जिथे आधीच झाडलेली पट्टी आहे, तिकडे वाढवावं. पायवाट मातीचीच ठेवावी. झाडलेला पातेरा पेटवू नये, राईतच कडेला पसरावा. शेवटची गोष्ट लगेच मान्य झाली, कारण पूर्वी तसंच करत होते. अंगणाचं मानकरी ठरवतील. पूर्वेच्या चौकटींचे नकाशे त्यांच्याकडे दिले.

पुढची फेरी मिरगाआधी, वळवाचे दोन पाऊस झाल्यावर. बागांतल्या चौकटी तरव्याची जागा भाजायला पातेरा गोळा होण्याच्या आधी घ्यायला हव्यात, म्हणून बागमालकांना एप्रिलअखेर विचारून ठेवायचं. एरंडेल 1 लिटर, नव्या चिंध्या, अ साठी आणखी सहा थैल्या शिवायला टाकायच्या.